राहत्या घराचा टॅक्स किती वाढू शकतो, आणि तो कुठे अडवता येतो?

नागपुरात मानेवाड्याकडे राहणाऱ्या एका निवृत्त शिक्षिकेचा प्रश्न आहे. घर १९९६ साली बांधलेलं, वर २००९ मध्ये एक खोली आणि संडास-बाथरूम काढलं. खाली त्या स्वतः, वर मुलगा-सून. आजवर घरटॅक्स वर्षाला सव्वाचार हजारांच्या आसपास यायचा, यंदा नोटीस आली ती साडेनऊ हजारांच्या वरची. उत्पन्न म्हणजे फक्त पेन्शन. त्यांची भाची अमेरिकेत फ्लोरिडाला असते. ती म्हणाली की तिथे राहत्या घराचं मूल्य वर्षाला तीन टक्क्यांपेक्षा जास्त वाढवताच येत नाही, तसा कायदाच आहे. ताईंचा प्रश्न असा की आपल्याकडे असा कायदा का नाही, आणि आता मी काय करू?

ताई, तुमच्या एका प्रश्नात दोन प्रश्न आहेत. पहिला धोरणाचा, दुसरा तुमच्या हातातल्या कागदाचा. कागदाचा आधी घेतो, कारण त्याला मुदत असते. मी वकिली करतो आणि माझं बरंचसं काम मालमत्ता कराच्या हरकती नि अपिलांचं आहे, म्हणून पुढचं सगळं त्या अनुभवातून सांगतोय.

थेट उत्तर असं की राहतं घर आहे एवढ्या कारणावरून करआकारणी दरवर्षी अमुक टक्क्यांपलीकडे जाणार नाही, अशी कायमची सरसकट मर्यादा नागपूरच्या घरमालकाला नाही. पण तुमच्या बिलात दुपटीहून जास्त फरक पडलाय आणि एवढी उडी निव्वळ कराचा दर वाढल्यामुळे सहसा पडत नाही. बिल वाढण्यामागे वेगवेगळी कारणं असतात. महापालिकेनं दर वाढवला असेल, घराचं वार्षिक भाडेमूल्य नव्यानं ठरलं असेल, घराची नोंदच बदलली असेल, म्हणजे क्षेत्रफळ, बांधकामाचा प्रकार, वापर, कोण राहतं वगैरे. नाहीतर जुनी थकबाकी आणि तिच्यावरची शास्ती, म्हणजे दंड, याच बिलात मिसळली असेल. यांतलं कोणतं कारण तुम्हाला लागू आहे हे नोटीस पाहिल्याशिवाय मी सांगणार नाही, आणि दुसऱ्या कुणी सांगितलं तर विश्वासही ठेवू नका. शेजाऱ्याचा टॅक्स आणि तुमचा टॅक्स सारखा असायलाच हवा, असंही धरून चालू नका. एकाच गल्लीत स्लॅबचं घर आणि टिनाचं घर, १९८० चं आणि २०१५ चं घर यांची आकारणी वेगळी होते, ती व्हायलाही हवी.

आकारणी कशी होते ते थोडक्यात. नागपूरला आधी १९४८ चा स्वतंत्र कायदा होता, आता इथे महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियम लागू आहे. त्याच्या कराधान नियमांत कल्पना अशी आहे की हे घर भाड्यानं दिलं असतं तर वर्षाला वाजवी भाडं किती आलं असतं, ते ठरवायचं. त्यातून दुरुस्ती वगैरे सगळ्या खर्चांपोटी १० टक्के वजा करायचे आणि उरतं त्यावर कर लावायचा. तुम्ही घर कधीच भाड्यानं दिलेलं नसलं तरी हिशोब त्या काल्पनिक भाड्याचाच होतो. इथेच लोक चिडतात, आणि ते मला समजतं. आयकरात तुमच्या राहत्या घराचं वार्षिक मूल्य शून्य धरतात, इथे मात्र त्याच घराला भाडं येतंय असं धरून आकारणी होते. पण दोन्ही करांचं तर्कशास्त्र वेगळं आहे. आयकर तुमच्या मिळकतीवर आहे. मालमत्ता कर हा रस्ता, दिवा, नाली, सफाई यांचा खर्च घराघरांत वाटण्याचा एक मार्ग आहे आणि भाडं ही त्या वाटपासाठी घेतलेली मोजपट्टी आहे. सर्वोच्च न्यायालयानं १९७९ साली दिवान दौलतराय कपूर यांच्या प्रकरणात म्हटलं की जिथे भाडेनियंत्रण कायदा लागू आहे तिथे हे काल्पनिक भाडं प्रमाण भाड्यापेक्षा, म्हणजे त्या कायद्यानं ठरणाऱ्या भाड्यापेक्षा, जास्त धरता येणार नाही, मग मालक स्वतः राहत असो की भाडेकरू. पुढे भागनिहाय दर ठरवून, चौरस फुटानं आकारणी करण्याच्या पद्धती आल्या आणि त्या निकालाचा रोजचा उपयोग कमी झाला. तरी काल्पनिक भाड्यालाही एक वरची रेघ असू शकते, हा विचार आपल्या कायद्याला परका नाही एवढं त्यातून कळतं.

आता एक हिशोब मांडतो. आकडे फक्त समजण्यापुरते धरलेत, तुमच्या भागाचा दर किंवा नागपूरचा करदर म्हणून घेऊ नका. समजा घर १,००० चौरस फूट, महिन्याचा दर चौरस फुटाला २ रुपये. वर्षाचे झाले २४,०००. दहा टक्के वजा जाता २१,६००. सगळे कर-उपकर मिळून २५ टक्के धरले तर बिल ५,४०० रुपये. आता मोजणीच्या वेळी गच्चीवरचं २५० फुटांचं उघडं टिनाचं शेड खोली म्हणून चढलं. क्षेत्रफळ १,२५०, बिल ६,७५०. त्यातच वरच्या त्या २५० फुटांसमोर भाडेकरू अशी नोंद झाली आणि भाड्याच्या जागेचा दर दुप्पट धरला, तर महिन्याचं भाडं ३,०००, वर्षाचं ३६,०००, वजावटीनंतर ३२,४००, आणि बिल ८,१००. म्हणजे पन्नास टक्के वाढ झाली आणि कराचा दर एका पैशानंही हललेला नाही.

याच हिशोबावर तुमच्या भाचीच्या कायद्यासारखी एखादी मर्यादा लावून बघा. समजा कर वर्षाला दहा टक्क्यांपेक्षा जास्त वाढवायचा नाही असा नियम आपल्याकडे असता. मग ५,४०० चे पुढच्या वर्षी ५,९४०, नंतर ६,५३४, मग ७,१८७, ७,९०६, आणि पाचव्या वर्षी ८,१०० पूर्ण. चुकीच्या नोंदीवर मर्यादा घातली तरी पाच वर्षांत तुम्ही त्या चुकीच्या आकड्यापर्यंत पोचताच. उलट वाढ हळूहळू होते म्हणून कुणी तक्रार करत नाही आणि चूक तशीच मुरते. माझ्या कामाचा सगळा भर नोंदीवर असतो तो यासाठीच.

दराचं आधी उरकून टाकतो. महापालिकेच्या करांचे पुढच्या वर्षाचे दर दरवर्षी २० फेब्रुवारीपर्यंत ठरवायचे असतात, अधिनियमाच्या कलम ९९ मध्ये तशी तारीखच आहे. सामान्य कर एकाच दरानं न लावता चढत्या श्रेणीनं लावण्याची मुभाही कायदा देतो. बिलातल्या ओळी नीट वाचल्या तर सामान्य कराशिवाय इतरही कर दिसतील आणि राज्याचा शिक्षण उपकर दिसेल. हा शेवटचा महापालिका गोळा करते पण तो राज्य सरकारचा आहे, १९६२ च्या कायद्यानं आलेला, आणि त्याचे टप्पे भाडेमूल्याप्रमाणे चढत जातात. रोजगार हमीचा उपकर अनिवासी जागेवर लागतो. तुमच्या बिलात तो दिसला तर तुमच्या घराचा काही भाग दुकान किंवा ऑफिस म्हणून चढलाय असं समजा, ही एक पक्की खूण आहे. आणि टप्प्यांमुळे एक गोष्ट होते ती लक्षात ठेवा. भाडेमूल्य थोडंसं वाढून वरच्या टप्प्यात गेलं की कर त्या प्रमाणापेक्षा जास्त वाढतो. क्षेत्रफळातली शंभर फुटांची चूक म्हणूनच किरकोळ समजू नये.

आता नोंद. २०१५ नंतरच्या वर्षांत शहरात घरोघर नव्यानं मोजणी झाली, तेव्हापासून माझ्याकडे येणाऱ्या बहुतेक प्रकरणांचा गाभा इथेच असतो. झोन ऑफिसमधून तुमच्या इंडेक्स नंबरचा कर आकारणी तपशील मागून घ्या. नुसतं बिल नको, आकारणीचा उतारा हवा, ज्यात मजलेवार क्षेत्रफळ, वापर, बांधकामाचं वर्ष आणि राहणाऱ्याचा प्रकार लिहिलेला असतो. तुम्ही हनुमाननगर झोनमध्ये येत असाल बहुधा, पण दहा झोनपैकी कोणता ते बिलावर लिहिलेलं असतं, ते पाहून जा. तो उतारा हातात घेऊन घरभर फिरा. टेप घ्या, मुलाला सोबत घ्या. प्रत्येक खोली आतून मोजा, बाहेरूनही मोजा, दोन्ही आकडे लिहा. उताऱ्यात कोणतं माप धरलंय ते यातून उमगतं. पोर्च, उघडा सज्जा, जिना, पाण्याच्या टाकीचा चबुतरा, गाडीसाठीचं शेड हे खोलीसारखं धरलंय का ते पाहा.

बांधकामाचं वर्ष ही दुसरी जागा. तुमचं खालचं घर १९९६ चं आणि वरची खोली २००९ ची. जुन्या बांधकामाला घसारा मिळतो, म्हणून दोन्ही वेगळ्या ओळीत यायला हवेत. पुष्कळदा वरचं बांधकाम नंतरचं असलं की अख्खं घरच नंतरचं चढतं. १९९६ सिद्ध करायला मंजूर नकाशा असेल तर उत्तमच, नसेल तर तेव्हाची टॅक्स पावती, पहिलं वीजबिल, गृहकर्जाचं पत्र, विक्रीपत्र, यांतलं काहीही चालतं. तुमच्या भागात गुंठेवारीतले नियमित झालेले ले-आउट खूप आहेत, तसं असेल तर नासुप्रचं (नागपूर सुधार प्रन्यासचं) आरएल लेटर, म्हणजे प्लॉट नियमित केल्याचं पत्र, तेही फाइलला लावा. त्यातून प्लॉटची मापं तरी पक्की होतात. वरच्या खोलीचा नकाशा मंजूर नसेल तर मात्र अर्ज करण्याआधी एखाद्या वकिलाला किंवा आर्किटेक्टला कागद दाखवा. विनापरवानगी बांधकामावर वेगळी शास्ती लावायची तरतूद कायद्यात आहे, तिचं गणित घराच्या आकारावर ठरतं, आणि ते न बघता हरकतीत काहीबाही लिहून देणं बरं नाही.

तिसरी जागा तुमच्यासाठी सगळ्यांत महत्त्वाची वाटते, ती म्हणजे कोण राहतं. मुलगा-सून वर राहतात, वेगळा जिना आहे, कदाचित वीजमीटरही मुलाच्या नावानं वेगळं आहे. मोजणीला आलेल्या माणसाला ते भाडेकरूसारखं दिसू शकतं. पण मीटर वेगळं असणं म्हणजे भाडेकरार असणं नव्हे. कुटुंबातली माणसं, भाडं न देता राहतात, असं प्रतिज्ञापत्र द्या. सोबत रेशनकार्ड, दोघांची आधारकार्डं, मतदार यादीतली नावं जोडा. विदर्भातल्या एका शहरातलं माझ्या पक्षकाराचं प्रकरण आठवतं. घराच्या पुढच्या खोलीला शटर होतं, वडिलांचं शिलाईचं दुकान होतं तिथे. वडील गेले, दुकान बंद झालं, खोलीत धाकटी मुलगी अभ्यास करायची. शटर तसंच राहिलं आणि नोंदही दुकान अशीच राहिली. आम्ही गुमास्ता परवाना रद्द झाल्याचा कागद, खोलीचं घरगुती दराचं वीजबिल आणि आतले फोटो दिले. सुनावणीत अर्ध्या तासात मान्य झालं. तिथे भांडण नव्हतंच, फक्त कुणी कागद नेऊन दाखवला नव्हता.

प्रक्रियेचं. आकारणी वाढली की मालकाला विशेष नोटीस येते, हरकत घ्यायची शेवटची तारीख तिच्यावरच छापलेली असते. ती तारीख लाल पेनानं अधोरेखित करा. त्या तारखेच्या आत लेखी हरकत द्या, पोच घ्या. तोंडी सांगितलेलं, ओळखीच्या माणसानं ‘बघतो’ म्हटलेलं, यांची कायद्याच्या दृष्टीनं किंमत नाही. हरकतीत ‘कर फार जास्त आहे, मी पेन्शनर आहे’ एवढंच लिहू नका. ते खरं असलं तरी सुनावणी घेणाऱ्या अधिकाऱ्याच्या हातात त्यावर काही नसतं. असं लिहा: उताऱ्यात पहिल्या मजल्याचं क्षेत्रफळ इतकं दाखवलंय, प्रत्यक्ष इतकं आहे, मोजमापाचा नकाशा जोडलाय. राहणारा भाडेकरू दाखवलाय, प्रत्यक्षात मुलगा आहे, कागद जोडलेत. एकेक मुद्दा, त्याच्यासमोर त्याचा कागद. सुनावणीला स्वतः जा. स्थळपाहणीची मागणी करा आणि पाहणीच्या दिवशी घरी थांबा.

निर्णय पटला नाही तर कलम ४०६ खाली न्यायाधीशांकडे अपील आहे. त्याला १५ दिवसांची मुदत आहे, आधी हरकत घेतलेली असावी लागते आणि मागणीची रक्कम आधी जमा करावी लागते. या तिन्ही अटी कडक आहेत. बरीच चांगली प्रकरणं इथेच पडतात, कारण माणूस हरकत न घेता थेट कोर्टात जायला निघतो, किंवा ‘निकाल लागेपर्यंत एक पैसा भरणार नाही’ म्हणून बसतो. भरणा थांबवू नका, हे मी पुन्हा सांगतो. थकलेल्या रकमेवर महिन्याला २ टक्के शास्ती चढते, वर्षाचे झाले २४. बँकेची ठेव याच्या जवळपासही येत नाही. हरकत राखून भरणा करा, म्हणजे रक्कम भरताना सोबत लेखी द्या की हरकत प्रलंबित आहे आणि हा भरणा तिला बाधा न येता केलाय. कमी झालं तर पुढच्या बिलात वळतं करून मागता येतं. कर एक एप्रिल आणि एक ऑक्टोबर असा सहामाही देय होतो. लवकर भरणाऱ्याला दरवर्षी काही सूट जाहीर होते ती बहुधा वर्षाच्या सुरुवातीच्या महिन्यांसाठी असते, तीही घ्या. अधूनमधून अभय योजना येते नि शास्ती माफ होते, म्हणून तिची वाट बघत थकवणारे लोक मी पाहिलेत. योजना आली नाही किंवा तुमच्या थकबाकीला लागू झाली नाही तर काय, याचा विचार त्यांनी केलेला नसतो. आणि बिलात मागच्या वर्षांची फरकाची रक्कम लावलेली असेल तर ती कोणत्या वर्षापासून आणि कोणत्या नियमाखाली लावली, हे वेगळ्या अर्जानं लेखी विचारा. हरकतीतला तो स्वतंत्र मुद्दा आहे.

घरात कुणी माजी सैनिक असेल, किंवा सैनिकाची विधवा, तर राज्याची २०२० ची माजी सैनिक सन्मान योजना आहे, तिच्यात एका घराचा मालमत्ता कर माफ होतो. तुम्ही तसं लिहिलेलं नाही, पण हे उत्तर वाचणाऱ्या दुसऱ्या कुणाला उपयोग होईल म्हणून सांगितलं. सोलर किंवा पावसाचं पाणी मुरवण्याची सोय केली असेल तर त्याच्या सवलतीचीही झोनमध्ये चौकशी करा.

आता तुमचा धोरणाचा प्रश्न. महाराष्ट्रात राहत्या घरांना वेगळी वागणूक देण्याचे दोन मोठे प्रयोग झालेत. पुण्यानं १९७० मध्ये ठराव करून मालक स्वतः राहतो त्या घराला वार्षिक भाडेमूल्यात ४० टक्के सवलत दिली. ती जवळजवळ अर्धशतक चालली. मग लेखापरीक्षणात आक्षेप आला की अशा सवलतीला कायद्याचा आधार नाही, आणि ती काढली गेली. हजारो घरांची बिलं एकदम फुगली, आंदोलनं झाली, शेवटी २०२३ मध्ये राज्य सरकारनं ती परत लागू केली. पण आता मालकाला मी इथे राहतो हे अर्ज करून, पुरावा देऊन सांगावं लागतं. तिकडे पीटी-३ नावाचा अर्ज त्यासाठीच निघाला. मुंबईनं २०१० पासून भांडवली मूल्यावर, म्हणजे भाड्याऐवजी घराच्या किमतीवर, आकारणी सुरू केली, तेव्हा कायद्यातच मर्यादा घातली की पहिली पाच वर्षं निवासी घराचा कर आधीच्या दुपटीपेक्षा जास्त होणार नाही आणि ५०० चौरस फुटांपर्यंतच्या घरांचा वाढणारच नाही. पुढे २०२२ मध्ये या ५०० फुटांपर्यंतच्या घरांचा मालमत्ता करच माफ झाला. म्हणजे मर्यादा घालणं अशक्य आहे हे कुणी म्हणत असेल तर ते खरं नाही, आपल्याच राज्यात ते झालेलं आहे. पुण्यातून धडा असा घ्यायचा की सवलत नुसत्या ठरावावर उभी असली तर एका आक्षेपानं पडते. ती कायद्यात किंवा शासन निर्णयात पक्की असावी लागते. घटनेच्या २४३-एक्स अनुच्छेदाप्रमाणे महापालिकेला कर लावायचा अधिकार विधिमंडळ देतं, तेव्हा मर्यादाही तिथूनच यायला हवी.

फ्लोरिडाचं तुमच्या भाचीनं बरोबर सांगितलं, फक्त अर्धं सांगितलं. तिथे १९९२ मध्ये मतदारांनी राज्याच्या घटनेत तशी दुरुस्ती मंजूर केली, १९९५ पासून लागू झाली. कायम राहत्या घराचं करापुरतं मूल्य वर्षाला ३ टक्के किंवा महागाई, जे कमी असेल तेवढंच वाढतं. पण मर्यादा मूल्यावर आहे, दरावर नाही. शिवाय घर विकलं की मूल्य पुन्हा बाजारभावावर जातं. कॅलिफोर्नियानं तर १९७८ मध्ये प्रस्ताव १३ करून मूल्याची वाढ वर्षाला २ टक्क्यांत बांधून टाकली. तिथे लॉस एंजेलिसमध्ये स्टेफनी नॉर्डलिंगर नावाच्या बाईंनी १९८८ मध्ये १,७०,००० डॉलरला घर घेतलं आणि त्यांना वर्षाला सुमारे १,७०० डॉलर कर आला. तसंच घर असलेले जुने शेजारी त्याच्या पाचव्या हिश्श्याच्या आसपास भरत होते. नॉर्डलिंगरबाई अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेल्या आणि १९९२ मध्ये हरल्या, न्यायालयानं कायदा कायम ठेवला. रस्ता तोच, नाली तीच, कर पाचपट. आपल्याकडे हे आणलं तर धरमपेठ-रामदासपेठेतल्या जुन्या बंगल्याचा कर जवळपास गोठेल, आणि नरसाळ्याला कर्ज काढून पहिला फ्लॅट घेणाऱ्या तरुण जोडप्यावर त्याचा भार येईल. मी त्याच्या बाजूचा नाही, हे स्पष्ट सांगतो.

पैशाची बाजूही बघावी लागते. नागपुरात जकात होती, २०१३ मध्ये तिच्या जागी एलबीटी (स्थानिक संस्था कर) आला, २०१५ मध्ये बहुतेक व्यापाऱ्यांसाठी तोही गेला, २०१७ पासून जीएसटी. महापालिकेच्या स्वतःच्या हातात उरलेल्या मोठ्या साधनांत मालमत्ता कर येतो. शिवाय पंधराव्या वित्त आयोगानं शहरांच्या अनुदानाला अट घातली की मालमत्ता कराचे किमान दर जाहीर करा आणि वसुली राज्याच्या उत्पन्नवाढीच्या वेगानं वाढवा. म्हणजे एकीकडून नागरिक मर्यादा मागतात आणि दुसरीकडून दिल्ली वाढ मागते. कायमची घट्ट मर्यादा घातली तर तूट कुठून तरी निघणारच, बहुधा दुकानांवरच्या करातून किंवा सफाईच्या शुल्कातून.

माझ्या मते मागायच्या गोष्टी दोन आहेत. एक, फेरमूल्यांकन झालं की राहत्या घराची वाढ एकदम न लावता चार-पाच वर्षांत टप्प्यानं लावायची, मुंबईच्या धर्तीवर वरची मर्यादा घालून, आणि ती मर्यादा फक्त बरोबर असलेल्या नोंदीवर. दोन, ज्यांचं उत्पन्न पेन्शनएवढंच आहे पण घराची किंमत वाढलीय अशांना वाढीव कर पुढे ढकलायची मुभा, म्हणजे तो घरावर बोजा म्हणून राहील आणि घर विकताना किंवा वारसाच्या नावावर होताना वसूल होईल. अमेरिकेतच ओरेगॉन राज्यात ज्येष्ठांसाठी हे १९६३ पासून आहे, आणि विस्कॉन्सिननं १९६४ पासून उत्पन्नाच्या मानानं कर जास्त झाला तर परतावा द्यायला सुरुवात केली. तीन टक्क्यांच्या मर्यादेपेक्षा तुमच्या अडचणीला हे जवळचं आहे. मर्यादा श्रीमंत मालकालाही तितकीच मिळते, ही सोय गरज असलेल्यालाच मिळते. यातला कोणताही मुद्दा मांडायचा असेल तर बिल आल्यावर एप्रिलमध्ये ओरडून उपयोग नाही. दर फेब्रुवारीत ठरतात, तेव्हा जानेवारीत निवेदन जायला हवं. आणि सवलतीसाठी कायदा बदलायचा तर ते निवेदन आमदाराकडेही जायला हवं. मार्च २०२२ नंतर बराच काळ महापालिका प्रशासकांच्या हाती होती, तेव्हा ही चर्चा सभागृहात होतच नव्हती. वस्तीतल्या वीस-पंचवीस घरांनी एकत्र सही केलेलं निवेदन, त्यात प्रत्येकाचं जुनं-नवं बिल जोडलेलं, हे कोणत्याही भाषणापेक्षा वजनदार ठरतं.

पण ताई, ते पुढचं. तुम्ही आधी नोटिशीवरची तारीख बघा. ती अजून गेली नसेल तर उद्याच आकारणीच्या उताऱ्यासाठी अर्ज टाका, आणि उतारा मिळायला वेळ लागला तरी मुदतीच्या आत एक साधी हरकत देऊन ठेवा, ‘सविस्तर मुद्दे उतारा मिळाल्यावर देईन’ अशा एका ओळीसह. तारीख गेली असेल तर नोंद दुरुस्तीचा स्वतंत्र अर्ज करा. चालू वर्षाचा लाभ त्यात कदाचित सुटेल, पण पुढच्या वर्षापासून आकडा सुधारू शकतो. उतारा मिळाला की मला तीन गोष्टी कळवा: पहिल्या मजल्याचं लिहिलेलं क्षेत्रफळ, त्याच्यासमोरचं बांधकाम वर्ष, आणि राहणाऱ्याच्या रकान्यात काय लिहिलंय. घराचा पत्ता किंवा इंडेक्स नंबर लिहू नका, त्याची गरज नाही. तेवढ्यावरून वाढीतला किती भाग नोंदीचा आणि किती दराचा, हे मी तुम्हाला मांडून दाखवू शकेन.